टेबल जवळ येणार नाही

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपणा सर्वांची मोडलेली हाडं जुळवणारे डॉक्टरसाहेब. व्यासपीठावर विराजमान झालेल्या एक्स-रे विभागाच्या ताई, ज्यांनी आपल्याला घरच्या माणसांपेक्षाही जास्त आतून पाहिलंय. शेजारी बसलेले, कृत्रिम पाय घडवणारे आमचे कारागीर मित्र. रुग्णालयाचा सगळा कर्मचारीवर्ग. आणि समोर जमलेल्या माझ्या गुडघेबंधूंनो, खुबेभगिनींनो, तसंच मानेला पट्टा लावून आल्यामुळे इच्छा असूनही मागे वळून बघू न शकणाऱ्या मान्यवरांनो, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मागे वळून बघण्याचा विषय निघालाच आहे, तर आधी एक सूचना. माझं भाषण संपेपर्यंत कोणीही मागे बघायचं नाही. का, ते सांगतो.

व्यासपीठावर सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी आहे, हे तुम्ही पाहिलंच असेल. तिच्याशेजारी छोटं टेबल आहे आणि त्यावर बशीने झाकलेला चहाचा कप. आपल्या बाई, म्हणजे आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या फिजिओथेरपिस्ट बाई, या क्षणी सभागृहाच्या मागच्या दारात उभ्या आहेत. हातात वॉकर आहे. मागे त्यांची विद्यार्थिनी आहे, पण तिला हात लावायची परवानगी नाही. अहो काकू, बघू नका म्हटलं ना!

तर बाईंची अट अशी. दारापासून या खुर्चीपर्यंत त्या स्वतः चालत येणार. कोणी हात द्यायचा नाही, खुर्ची पुढे करायची नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि टकामका बघायचं तर अजिबातच नाही. "लोक बघायला लागले की माझे पाय बावरतात," असं त्या म्हणाल्या. इथून समोर बघणं मला भागच आहे, म्हणून बघायची मुभा फक्त मला. आणि समितीने मला सांगितलंय की बाई पोहोचेपर्यंत बोलत राहायचं. म्हणजे माझं भाषण किती लांबणार हे माझ्या जिभेवर नाही, बाईंच्या पायांवर आहे. या कामासाठी समितीने शोधून शोधून सलूनवाला निवडला, यातच समितीची हुशारी दिसते. वस्तरा गळ्याशी असला की गिऱ्हाईक मुकाट्याने ऐकून घेतं, त्यामुळे मला सवय लागलीय.

निघाल्या बरं का. ठक असा आवाज आला ना, तो वॉकरचा.

ज्यांना बाई ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. मी दुकानातली ट्यूब बदलायला चढलो. शिडी शेजारच्या दुकानात होती, मागायचा कंटाळा केला आणि गिऱ्हाइकाच्या फिरत्या खुर्चीवर उभा राहिलो. आता फिरत्या खुर्चीने काय करावं? तिने आपला धर्म पाळला, ती फिरली. माझ्या मांडीच्या हाडाचे दोन तुकडे झाले. अध्यक्षमहाराजांनी आत सळई घातली, स्क्रू पिळले आणि म्हणाले, "माझं काम झालं, आता बाईंचं." मला वाटलं, बाई म्हणजे कोणी प्रेमळ बाई असतील, पाय चोळून देतील.

दुसऱ्याच दिवशी सकाळी वॉर्डात बाई आल्या. बुटकी मूर्ती, आवाज मात्र पोलीस ठाण्यातला. "उठा." मी म्हटलं, "बाई, हाड मोडलंय." त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही इथे सुट्टी घालवायला आलाय. उठा." वॉर्डात सगळे त्यांना पाठीमागे फौजदारबाई म्हणायचे. हे नाव कोणी ठेवलं ते मी सांगणार नाही, कारण ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसलेत आणि आत्ता घाबरून माझ्याकडे बघतायत.

बाई आता शेवटच्या दोन रांगा पार करून पुढे आल्यात. छान. पाठ ताठ आहे. आपल्याला ओरडायच्या तशीच.

आता चहाचं ऐका. त्या वॉर्डात चालू शकणाऱ्या पेशंटला चहा खाटेवर मिळत नसे. खोलीबाहेर एक टेबल असायचं, त्यावर किटली. ज्याला चहा पाहिजे त्याने उठून घ्यावा. पहिल्या दिवशी टेबल माझ्या दाराशीच होतं. तेवढं अंतर काटताना मी ज्या शिव्या घातल्या, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. पण चहाची तलफ वाईट असते हो. गेलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. रोज दमायचो आणि रोज बायकोकडे रडगाणं गायचो, "कालच्याइतकंच दमतोय. माझ्यात काडीचा फरक नाही. उभ्याने करायचा धंदा माझा, आता दुकान विकायचं बघा."

हे मी नुसतं बोलायला बोलत नव्हतो. एक जण बघून पण गेला होता दुकान. आरसे त्याला फार आवडले होते.

आमची ही, ती बघा तिसऱ्या रांगेत, तोंड लपवतेय, ही त्या दिवशी दाराबाहेर डोकावली आणि म्हणाली, "अहो, कालपर्यंत टेबल खिडकीशी होतं. आज ते जिन्याशी कसं?"

माझी ट्यूब पेटली. यावेळी खुर्चीवर न चढता. बाई रोज सकाळी टेबल थोडं थोडं लांब सरकवत होत्या! माझ्या दारापासून निघालेलं टेबल पार जिन्यापर्यंत पोहोचलं होतं आणि मी मूर्ख त्याच्या मागे मागे चाललो होतो. मी भयंकर चिडलो. बाई आल्या तसा म्हटलं, "तुम्ही मला फसवलंत!" बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कुठे फसवलं? पायांना माहीत होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, त्याला मी काय करू?"

मग त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं. तिथे तो सांगाडा टांगलेला आहे ना, ज्याला त्या भाऊसाहेब म्हणतात, "माझं निमूट ऐकणारा हा एकच पेशंट," असं सांगतात, त्याच्या मांडीच्या हाडावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा प्लॅस्टिकचा आहे, म्हणून असाच राहणार. तुमचं हाड जिवंत आहे. त्यात रक्त आहे, ते रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवं होतं. त्याच्यावर भार टाकला तरच त्याला कळतं की आपली गरज आहे. निजवून ठेवलंत तर तेही म्हणेल, जाऊ दे, कशाला मेहनत करा?" एवढं सोपं करून मला शाळेतही कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा वाटेतच पाय थरथरायला लागले. भिंत धरून केविलवाणा होऊन मी विचारलं, "बाई, आजच्या दिवस टेबल जवळ आणता का?" त्या म्हणाल्या, "टेबल एकाच दिशेला सरकतं. जवळ येणार नाही." मी असा तापलो म्हणता! त्या रागातच टेबलापर्यंत पोहोचलो. दुकान विकलं नाही. आजही दिवसभर उभा असतो, आणि ते आरसे अजून माझेच आहेत.

ठक ठक ऐकू येतंय ना? अर्ध्यावर आल्या.

आता जरा वाईट वाटणारं बोलतो, पण बोलायलाच हवं. न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवा, हे बाईंनी आपल्याला इतक्यांदा बजावलं की माझी नातवंडंसुद्धा ते म्हणून दाखवतात. त्याच बाई स्वतःच्या न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. तपासणीत निघालं की हाडं आतून ठिसूळ झाली होती. त्या दुखण्याचं हेच वाईट, दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस एकदम कडकन. गावभरच्या बायकांना हाडांची तपासणी करा म्हणून मागे लागणाऱ्या बाईंनी स्वतःची कधी केलीच नव्हती. डॉक्टरसाहेबांनी खुब्यात नवा गोळा बसवला. शस्त्रक्रिया उत्तम झाली.

पण बाई उठेनात. विद्यार्थिनी रोज जायची, बाई रोज म्हणायच्या, "उद्या." आम्ही दोघं भेटायला गेलो तर पडदे ओढलेले, पायांवर पांघरूण. निवृत्तीचा दिवस अंथरुणातच होऊन गेला. निरोप समारंभ नको म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, हे काय? तुम्ही?" तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "मला पडायची भीती वाटते हो. तुम्हा सगळ्यांना वाटायची, ती अशी असते हे मला माहीतच नव्हतं." मी उगाच उशी सारखी करायला लागलो. बायकोने मात्र थर्मास उघडला, कपात चहा ओतला आणि बाईंना न देता सरळ खोलीच्या दाराशी स्टुलावर नेऊन ठेवला.

बाईंनी स्टुलाकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि जे काय हसल्या! त्या दिवसापासून विद्यार्थिनीने ते स्टूल ताब्यात घेतलं. दारातून ते स्वयंपाकघरात गेलं, तिथून गॅलरीत, आणि मग बाई या समारंभालाही तयार झाल्या. घराबाहेर मात्र बाई आज पहिल्यांदा चालतायत. विद्यार्थिनीची इच्छा आहे की बाईंनी आठवड्यातून दोनदा येऊन नव्या मुलामुलींना शिकवावं. बाईंनी तिला सांगितलंय, "सभागृह पार केलं तर येईन. मध्येच बसले, तर मला घरी सोड, आणि निरोप म्हणजे निरोप."

आता कळलं, मी का घामाघूम झालोय?

थांबल्या.

नाही, बघू नका. खांबापाशी थांबल्यात. तिथे कडेला एक रिकामी खुर्ची आहे. ती तिथे कोणी ठेवली, देव जाणे. बाई तिच्याकडे बघतायत. विद्यार्थिनी माझ्याकडे बघतेय. अध्यक्षमहाराज, तुम्ही तरी काही सुचवा. बरं, ते म्हणतात, बोलत राहा.

बाई, माफ करा, आता सरळ तुमच्याशीच बोलतो. थोर सलूनवाला आहे मी, पण शब्द संपले. एकच विचारतो. टेबल जवळ आणू का?

हसू नका रे. थांबा. त्यांनी मान वर केली. रागावल्यात! अहो, काय डोळे वटारलेत! मान हलवतायत. नाही म्हणतायत.

ठक.

ऐकलंत? ती खुर्ची त्यांनी मागे टाकली. बाई, सावकाश, भाषण भरपूर शिल्लक आहे, सांगायला काही नसलं तरी बोलायची आमच्या धंद्याला अडचण नाही. पहिली रांग आली. आता पायऱ्या. वॉकर विद्यार्थिनीने घेतला, बाईंनी कठडा धरला. मंडळी, आता बघा खुशाल, त्या तुमच्या समोरच आहेत. आणि पायऱ्यांसमोर उभं करून बाई आपल्याकडून जे घोकून घ्यायच्या, ते आता आपण त्यांना सांगू या. सगळ्यांनी, मोठ्याने!

"चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी!"

चांगला पाय. शाबास. पुन्हा चांगला पाय. आल्या! बाई आल्या! आता वाजवा टाळ्या, हात मोडेपर्यंत वाजवा, मोडले तर डॉक्टरसाहेब इथेच आहेत!

बसा बाई, आता बसा. हा घ्या तुमचा चहा.

तर अध्यक्षमहाराज, कार्यक्रमपत्रिकेवर निरोप समारंभ असं छापलंय, ते कृपया खोडावं. बाई शिकवायला येणार आहेत. येणार ना? हो म्हणाल्या. सगळ्यांनी ऐकलंय, आता सुटका नाही.

या सभागृहाची व्यवस्था करणाऱ्यांचे, थर्मास घेऊन येणाऱ्या माझ्या बायकोचे, स्टूल सरकवणाऱ्या विद्यार्थिनीचे आणि इतका वेळ माना न वळवता बसलेल्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानतो. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. माझी नजर सगळा वेळ तुमच्यावर नव्हती, बाईंच्या पावलांवर होती, त्याबद्दलही माफ करा.

काय म्हणालात बाई? जरा मोठ्याने... हां. मंडळी, चहाबद्दल सूचना आहे. बाई म्हणतात, तुमचा चहा कोणी जागेवर आणून देणार नाही. त्यांनी येतानाच टेबल मागच्या दाराबाहेर, पार फाटकापाशी लावायला सांगितलंय. उठा.