कोंडाजीचा निम्मा वाटा

(कशेळ्याच्या अलीकडे, पेज नदीच्या काठी उभी केलेली गाडी. वैशाखातली उतरती दुपार.)

अनुपम : पाचशे बरे दिसतील का, अप्पामामा? की हजार? नेटवर म्हणतात, मासेमारीला नेणाऱ्या गाइडला फीच्या वीस टक्के टिप द्यावी. पण ह्यांनी फी सांगितलीच नाही.

अप्पा : कसली फी? कोंडाजी काय ऑफिस थाटून बसलाय? त्याचा स्वप्नील माझ्या वर्गात होता. मी शब्द टाकला, म्हणून तो आला. भाचा मुंबईहून येतोय, मासे धरायची हौस आहे, म्हटलं. तर सकाळी सहापासून तुझ्यामागं पाण्यात उभा.

अनुपम : तेच तर. डोह त्यांनी दाखवला, गळाला बेडूक त्यांनी लावला. दोन किलोची मरळ लागली तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उतरले तेही तेच. आणि त्यानंतर गप्प झाले ते झालेच. पैशांचं मी आधी बोललो नाही, म्हणून असेल.

अप्पा : मरळीचं काय केलंस तू?

अनुपम : सोडली. आमच्या ग्रुपचा नियमच आहे तो. धरायचा, वजन करायचं, परत पाण्यात. मी म्हटलं, कोंडाजी, सोडा तिला. त्यांनी सोडली.

अप्पा : हं.

अनुपम : हं काय?

अप्पा : मी वर करंजाखाली बसलो होतो ना, तेव्हा, मरळ लागायच्या आधीच, त्यानं घरी बायकोला फोन लावला. सुंदरा, वाटण वाटून ठेव म्हणाला, आज मरळ आणतो. लेक माहेरपणाला आलीय त्याची. आठ दिवस मासा मासा करतेय, आणि ह्याच्या हाताला एक लागला नाही. उद्या सकाळच्या जीपनं सासरी चालली ती.

अनुपम : मला काय माहीत?

अप्पा : तुला माहीत असायचं कारणच नाही. पण इकडची रीत ऐक. जो पाणी दाखवतो, त्याचा निम्मा वाटा. गळ कुणाचा का असेना. म्हणून तर त्यानं फी काढली नाही. त्याची फी तू नदीत सोडलीस बाबा, आणि तीही त्याच्याच हातानं.

अनुपम : अहो, मग बोलायचं ना त्यांनी तिथल्या तिथं.

अप्पा : पाहुण्याच्या तोंडावर? जीभ रेटायची नाही त्याची. बोलायला हवं होतं ते मी. जन्मभर पोरांना उपदेश केला, आणि आज नेमका गप्प बसलो.

अनुपम : कसंतरीच वाटतंय हो. दोन हजार देतो. कशेळ्यात मिळेल ना एखादा मासा आत्ता?

अप्पा : मिळेल की, बर्फातला बांगडा. थांब, आला तो.

कोंडाजी : गुर्जी, पिशवी मागं ठिवली. गळ पुसून घेतल्यात, नायतर गंजत्यात. निगा आता उजेड हाय तवर.

अनुपम : कोंडाजीकाका, हे ठेवा.

कोंडाजी : येवढं कशापायी? नको.

अनुपम : घ्या हो. अप्पांनी सांगितलं मला, वाट्याचं. मुलीचंही. चुकलं माझं.

कोंडाजी : गुर्जी बी कायबी सांगत बसत्यात. पोर काय उपाशी ऱ्हायाची नाय. वाटनात सुकट टाकंल तिची आय.

अनुपम : तुम्ही रागावलाय माझ्यावर.

कोंडाजी : खोटं कशाला बोलू दादा, हाय राग. मासा गेला म्हनून नाय. निम्मी तुमची व्हती, निम्मी माजी. तुमची तुमी सोडली, आनंद हाय. माजी सोडताना मला इचारलं नाय. गड्याला सांगावं तसं सांगितलंत.

अप्पा : कोंडाजी, अरे पोरगा आहे तो.

कोंडाजी : पोरगा हाय म्हनूनच सांगितलं, गुर्जी. मोठ्या मान्साला सांगून काय उपेग?

अनुपम : मग किती देऊ, ते तुम्हीच सांगा.

कोंडाजी : गड्याची रोजी सहाशे हाय. गडी म्हनून राबलो, तेवढी घेतो. वरचं खिशात घाला.

अनुपम : आणि मी विचारलं असतं तर?

कोंडाजी : सोडा, म्हनलो असतो. अंड्यांनी, गाबोळीनं भरलेली व्हती ती, हाताला लागलं माज्या. आशी मरळ मीबी घरी नेत नाय.