चातुर्मासात गाडी विकणे

— नाही हो साहेब, त्या आकड्याकडे बघून हसू नका. आकडा खरा आहे, पण तुम्ही समजताय तसा नाही. बारा हजार मैल! तीस वर्षांची गाडी आणि बारा हजार मैल — एवढं तर आमची म्हैस चालली असेल. पाच घरं आहेत त्या मीटरला, ती भरली की परत सगळी शून्यं येतात, आणि ती शून्यं आमच्या यांनी दोनदा बघितलीयत. पहिल्यांदा मुंबईत, हे शेठचे ड्रायव्हर नि गाडी शेठची होती तेव्हा. दुसऱ्यांदा इथे, निवळीच्या घाटात — गाडी कडेला घेतली, खाली उतरले नि मला म्हणतात, बघ, बघ! जसं काही ग्रहण लागलंय. मी काय बघायची, शून्यं? बसा ना. त्या बाकावर नको, त्याला ऑइल लागलंय. या घरात कशाला ऑइल लागलेलं नाही ते विचारा. इकडे ओटीवर बसा, चहा घ्या.

तुम्हाला वाटेल, ही बाई गाडी विकायला बसलीय की मोडायला? विकायलाच बसलेय. जाऊ दे एकदाची या दारापुढच्या खळ्यातनं. रावजी — तुम्हाला पत्ता दिला तो, माझा भाचा — त्यानं निरोप धाडलाय, आत्ये, गिऱ्हाईक मोठं आहे, चार शब्द गोड बोल. बोलते हो गोड! पण यंदा माझा नेम आहे चातुर्मासाचा. दर वर्षी काहीतरी सोडते मी, वांगी सोडली, चहा सोडला, एक वर्ष पानावर मीठ सोडलं. यंदा देवळात पुराणिकबुवा म्हणाले, बायांनो, भाज्या कसल्या सोडता, खोटं बोलणं सोडा. सगळ्या बाया माना खाली घालून वाती वळत बसल्या. मी मेली उठले नि म्हटलं, सोडलं! तेव्हा काय माहीत, श्रावणात गाडीला गिऱ्हाईक येईल. आता कार्तिकी एकादशीपर्यंत तुम्ही विचाराल ते मला खरं सांगावं लागणार, आणि या गाडीचं खरं सांगून ती विकणं म्हणजे — असो. विचारा.

ओरिजिनल? काय ओरिजिनल? हं, ते पुढचं जाळीचं तोंड ओरिजिनल आहे, आणि हॉर्न. बाकी ऐका. खाली पाय ठेवता ना, ती पाटी खाऱ्या हवेनं खाल्ली, पार रस्ता दिसायला लागला, चाललेला रस्ता — मग यांनी फणसाची फळी बसवली. चांगली जून फणसाची, देव्हाऱ्यासाठी चिरून ठेवली होती मी. देव अजून पाटावर बसलेत, गाडी फणसावर. वरचं छप्पर राजिवड्याच्या होडीच्या शिडाचं आहे, मन्सूरभाईंनी शिवलं — ते लाँचींची इंजिनं दुरुस्त करतात, यांचे जिवाभावाचे दोस्त, दोघं मिळून त्या बॉनेटखाली डोकी घालून बसले की जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. रेडिएटर गळतो. गळायचा, म्हणजे गळतो, म्हणजे त्यात हळद घातली की थांबतो. खरंच सांगते, हळद! माझ्या डब्यातली. टाकीला चीर गेली तिथे कपड्याचा साबण चोपडलाय. प्लग दुबईहून येतात, मन्सूरभाईंचा भाऊ गनी आहे तिकडे. तो सुट्टीवर आला की त्याच्या घरच्यांना अत्तरं नि आमच्या घरी प्लग. इंजिन किती वेळा उतरवलं? मोजलं नाही. आमच्या माजघरात ते इंजिन एक अख्खा पावसाळा गोणपाटावर बसलेलं होतं. मंगळागौरीला आलेल्या पोरींनी त्याला हळदकुंकू लावलं, कुणीतरी नवा देव आणलाय समजून!

ब्रेक? ब्रेक आहेत. लांज्याहून येताना नव्हते, पण आता आहेत. त्यातली रबरं जीपची आहेत, जरा घासून बसवलेली. दोन कार्बोरेटर आहेत, ते एका सुरात लागले पाहिजेत म्हणे, म्हणून हे एक रबरी नळी कानाला लावून बसतात, एक टोक कानात नि दुसरं इंजिनात, डोळे मिटून. एवढं लक्ष देऊन माझं कधी ऐकलं नाही. नि गिअर — साहेब, तिसरा गिअर राहत नाही. पडतो. चढावर घातला की सुटतो नि गाडी नुसती बोंबलते. मग? मग काय, मी धरून बसते. हो, मीच. यांचे दोन्ही हात चक्राला, तो दांडा माझ्या उजव्या हाताशी येतो, घाट लागला की हे म्हणतात ‘धर’ नि मी धरते. माझा जप उजव्या हातानं चाललेला असतो, म्हणून घाटात माळ बंद, तोंडानं नुसतं नाव घ्यायचं. गणपतीपुळ्याला दर अंगारकीला असंच गेलोय आम्ही. किती वर्षं ते कोण मोजतंय. शेजारणी म्हणायच्या, काय गो, राणीसारखी मिरवतेस लाल गाडीतनं. म्हटलं, मिरवते कुठची, तिसरा गिअर धरून चाललेय.

हसताय काय. आमच्या यांच्याबरोबर शेठकडे कामाला होते त्यांना जाताना कुणाला मुंबईत खोली मिळाली, कुणाला सोन्याचं घड्याळ. शेठ मुलीकडे विलायतेला निघाले तेव्हा यांना म्हणाले, हिला तूच ओळखतोस, तूच घेऊन जा. म्हणजे आमच्या वाट्याला ही. दोन माणसं बसतील, सामान बसणार नाही. पाऊस इथे हत्तीच्या सोंडेसारखा, नि हिला धड छप्पर नाही. रस्ते सगळे कातळाचे, नि हिचं पोट जमिनीला लागलेलं — कुठे जांभ्याचा दगड दिसला की हे श्वास रोखून धरायचे, जसा दगड यांच्याच पोटाला लागणार आहे. रावजी म्हणतो, काका, आता ती नवी छोटी मारुती आलीय, ती घ्या. हे त्याच्याकडे असे बघतात, जणू त्यानं दुसरी बायको करा म्हटलं.

मग विकता का? तेच सांगते ना. वैशाखात यांच्या छातीत कळ आली. हँडल मारताना. स्टार्टर जळालाय, त्याचं सामान आपल्या देशात मिळत नाही, मन्सूरभाईंनीही हात टेकले, म्हणून रोज पुढे उभं राहून हँडल मारायचं — वाकायचं, झटका द्यायचा, मग ती खोकणार, परत झटका. त्या दिवशी हँडल तिथेच राहिलं नि हे तुळशीपाशी बसले, घामानं थबथबलेले. पांढरे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा हँडल मारलंत तर मला बोलवायला येऊ नका. मी त्या रात्री देवापुढे हात जोडले, म्हटलं हिला ने कुठेतरी. कारण ती खळ्यात आहे तोवर हे हात लावल्याशिवाय राहणार नाहीत, मी काय ओळखत नाही? आणि हे तयार झाले. एका शब्दात. मी भांडायची तयारी करून बसले होते, नि हे म्हणाले, बरं. तेव्हापासून ‘बरं’च म्हणतात. भात वाढू? बरं. पेज देऊ? बरं. आज सकाळी काथ्यानं घासून धुतली तिला, नि मागल्या दारी जाऊन बसले. मला म्हणाले, तूच बोल त्यांच्याशी, मला जमायचं नाही. जाऊ दे, मी कशाला हे सांगतेय. तुम्हाला गाडी बघायचीय.

काय म्हणालात? अशीच एक आहे तुमच्याकडे? मुंबईत? बरं आहे, जोडी होईल. — नाही, समजलं नाही मला. तिचं इंजिन फुटलंय. म्हणून हिचं इंजिन तिला. आणि गिअरचा डबा. नि ते जाळीचं तोंड. आणि मग हिचं — उरलेल्या हिचं? फणसाची फळी, शीड, चाकांवरचे स्प्रिंगांचे पाटे? भंगारात. असं. असं होय. रावजीला माहीत होतं हे? माहीत असणारच. त्याला कुठे नेम आहे.

नाही, तुमचं चुकलं नाही हो, तुमची वस्तू होणार, तुम्ही तोडा नाहीतर जाळा. भाव वाढवताय? नका वाढवू. माझी अडचण वेगळीच आहे. तुम्ही तुमच्या वाटेनं जाल, पण संध्याकाळी दिवा लावला की हे मला विचारणार. एकच विचारणार — बरा वाटला का माणूस? नीट ठेवील ना तिला? आणि मी काय सांगू? वांगी सोडली असती तर सांगितलं असतं, हो, पोरीसारखी ठेवणार म्हणाले. सुखानं झोपले असते. आता खरं सांगायचं म्हणजे हँडल न मारताच यांच्या छातीत कळ आणायची. आणि तोंड मिटून बसले, तर माझं तोंड बघून यांना कळेल. तीस वर्षं कानाला नळी लावून ऐकणारा माणूस आहे तो.

थांबा. डॉक्टर काय म्हणाले? हँडल मारू नका म्हणाले. चालवू नका असं म्हणाले का? — मी विचारलंच नाही मेली, घाबरून. उद्या पहिली जाऊन विचारते. पण खळ्यातनं सड्यावरच्या सपाटीपर्यंत, चालीचालीनं, मी शेजारी बसून — त्याला कुठला डॉक्टर नको म्हणेल? हँडल नको तर नको. लोकांच्या गाड्या ढकलून चालू होत नाहीत? पण आमच्या यांची ऐट! शेठच्या गॅरेजातनं धक्का मारून गाडी निघाली म्हणजे ड्रायव्हरची अब्रू गेली म्हणे, म्हणून उभ्या आयुष्यात कुणाला हात लावू दिला नाही. जीव जाऊ दे पण धक्का नको. असली कसली अब्रू? लाजेनं मान खाली घाला हवं तर, पण जिवंत राहून घाला! धाकू येतो रोज गुरं सोडायला, तो मारील धक्का, मी मारीन. आज धाकू नाही.

आज तुम्ही आहात.

नाही नाही, विकायची नाही. खरंच सांगते, मला दुसरं काही सांगता येत नाही. रावजीला मी बघते. एसटीला वेळ आहे तुमच्या. — अहो! ऐकलंत का? या इकडे पुढच्या दारी. चपला राहू देत. या हो! गाडीत बसा, चक्राला. विकली नाही. नाही म्हटलं ना! मग सांगते, आधी बसा. हे साहेब मुंबईचे, मागनं धक्का देतायत. काही लाजबीज नको, बघायला कोण आहे, तुळस आणि म्हैस. — साहेब, तो कोट काढून ठेवा खुंटीला, ऑइल लागेल. दोन्ही हात मागल्या बाजूला, तिथे नको, तिथला पत्रा सुटलाय. हं. मी या अंगानं लावते. यांनी मान हलवली की —

ढकला.