चाचांना वाचून न दाखवलेली चौकट

चाची, बाबा, आणि शेलूबाजारातल्या गॅरेजवाल्यांनो, जीपवाल्यांनो, वाशीमहून मुद्दाम आलेल्या सगळ्यांनो,

चाचांच्या या शोकसभेत मला बोलायला दोन मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे. मधेच आवाज बसला तर थोडं थांबा. मी पुन्हा सुरू करीन, पण अर्धवट सोडून खाली बसणार नाही.

माझं नाव नंदा. हमीद चाचांच्या गॅरेजात फिटर आहेत ते किसन मिस्तरी, त्यांची मी मोठी मुलगी.

माझ्याआधी बोलले त्यांनी चाचांच्या हाताबद्दल सांगितलं. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं ओळखायचे, हे सांगितलं. सगळं खरं आहे. मी ते पुन्हा सांगत नाही. माझ्याकडे सांगायला दुसरं आहे, आणि ते आज नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही.

आमच्या घरचे दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. मी दुसरीत होते तेव्हा चाचांनी बाबांना अडवलं. म्हणाले, "किसन, पोरगी शाळेत हाय न? मंग जातं काहून? इथंच राय. पाना धर." बाबांनी पाना धरला. आम्ही राहिलो. मी शिकले. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी चाचा गॅरेजच्या दारात उभे राहून जीपस्टँडकडे ओरडले होते, "आजपासून आपल्या गॅरेजात बीएस्सी हाय! शिव्या बंद!" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शिव्या खरंच बंद होत्या. तुमच्यातल्या काहींना फार जड गेलं होतं ते.

आता त्या गाडीबद्दल.

वाशीमच्या एका साहेबांच्या वडिलांची ती जुनी विलायती गाडी. दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला टेकलेली. मागच्या उजव्या चाकातून घरघर यायची. सगळ्यांनी नाही म्हटल्यावर ती आपल्याकडे आली. चाचा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ही तं बेडकी हाय बे!" पण त्यांचे डोळे मी पाहिले होते. इतके खूश ते ईदेलाही दिसत नसत.

साहेबांनी गाडीबरोबर दुरुस्तीच्या पुस्तकाच्या झेरॉक्सही दिल्या. सगळं इंग्रजीत. चाचा माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता आपल्या बीएस्सीचं काम आलं. बेटा, तू वाच. मी करतो."

किती अभिमान वाटला मला. ज्या माणसामुळे मी शिकले, त्याला माझं शिक्षण कामी येत होतं. याहून मोठं काय असतं?

दोन दुपारी मी वाचलं. एक वाक्य इंग्रजीतून वाचायचं, मग आपल्या भाषेत सांगायचं. त्या पुस्तकात जागोजागी चौकटी होत्या, धोक्याच्या सूचनांच्या. पहिली आली: डोळ्यांना चष्मा लावा. चाचा म्हणाले, "काहून? मी काय नवरदेव हाओ?" दुसरी आली: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. चाचा बाबांना म्हणाले, "किसन, हे कोनं लिवलं? त्याले म्हना शेलूबाजारले ये, तुले शिकवतो." सगळे हसले. मीही हसले. पण मला संकोच वाटायला लागला. ज्या माणसानं आयुष्यभर गाड्या खोलल्या, त्याला मी, काल पास झालेली पोरगी, कसं सांगू की असं करू नका, तसं करू नका? उद्धटपणा वाटला मला तो.

म्हणून तिसऱ्या चौकटीपासून मी चौकटी वाचणं सोडून दिलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून सोडलं. मान राखावा म्हणून सोडलं.

आता मला एक गोष्ट समजावून सांगू द्या. चाक बसतं ते हबवर. हबच्या मागे बेरिंग असतं. त्या गाडीचा हब निमुळत्या एक्सलवर इतका गच्च बसतो की तो काढायला पुलर, म्हणजे हब ओढून काढायचं जाड लोखंडी अवजार लागतं. पुलर आवळायचा, मग त्याच्या बोल्टवर घण मारायचा. तो हब हळूहळू सरकत नाही. तो हलतच नाही, आणि मग एका क्षणात सुटतो.

आणि चाचांचा नियम तुम्हा सगळ्या मिस्तरींना पाठ आहे. नट एक तर पुरता आवळलेला, नाही तर धुवायला डिझेलच्या ताटात. मधे कुठं नाही. अर्ध्या आट्यांवर ठेवलेला नट माणूस विसरतो आणि भरल्या जीपचं चाक रस्त्यात निघून जातं. या नियमानं किती माणसं वाचली असतील, कोण मोजणार?

मी सोडलेल्या चौकटींपैकी एकीत काय लिहिलं होतं ते ऐका. एक्सलचा नट पूर्ण काढू नका. सैल करून शेवटच्या आट्यांवर राहू द्या, म्हणजे हब सुटला तरी नट त्याला अडवील. आणि पुलर आवळलेला असताना त्याच्या समोर कोणीही थांबू नका.

एवढंच होतं. मोठ्यानं वाचायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

चाचांनी नट काढला. तो ताटात पडल्याचा आवाज मी ऐकला. मी बाजेवर बसून पुढचं पान चाळत होते, नवं बेरिंग कसं बसवायचं ते. पुलर आवळला. बाबांनी बाजूनं तीन घण घातले. हब हलला नाही. मग चाचा म्हणाले, "थांब किसन, पाहू दे फट पडली काय." बाबांनी घण जमिनीला टेकवला. टेकवला, हे नीट ऐका. चाचा समोर उकिडवे बसले, पुढे वाकले, पुलरवर तळहात ठेवला. आणि हब सुटला.

पुलरसकट तो चाचांच्या छातीवर आला. दवाखान्यात नेणारी जीप वाशीमला पोचायच्या आधीच ते गेले. बाबांच्या मांडीवर गेले.

त्याच दिवशी घरी मी ते पान पुन्हा काढलं आणि ती चौकट वाचली. बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पान माझ्या हातातून घेऊन पालथं ठेवलं. मग म्हणाले, "हे कोनाले सांगू नको."

तेव्हापासून चहाच्या टपरीवर एकच बोललं जातं. किसनच्या घणानं उस्ताद गेले. उस्ताद समोर असताना त्यानं घण मारला. बाबांनी एकालाही उत्तर दिलं नाही. चाची, तुम्ही त्यांना विचारलंत, "किसनभाऊ, घण तुमीच मारला न?" ते "हो" म्हणाले. फक्त "हो". घण खाली ठेवला होता हे सांगितलं नाही. कारण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग हब उडाला कसा? पुस्तकात काय लिहिलं होतं? पुस्तक कोणी वाचलं?

मी बाबांशी भांडले. म्हटलं, लोक तुमाले नावं ठेवून राह्यले. ते म्हणाले, "ठेवू दे. माह्ये हात काळेच हायेत. तुहं नाव आता कुठं झालं."

बाबा, तुम्ही तिथं भिंतीजवळून मला खुणा करताय, मला दिसतंय. मी थांबणार नाही.

चाची, चाचांचा हात चुकला नाही. म्हातारपणानं हात कापला असंही कोणी म्हणतं, ते खोटं आहे. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी बरोबर केलं. जे माहीत नव्हतं ते सांगायचं काम माझं होतं. त्यांनी ते माझ्यावर सोपवलं होतं आणि मी ते केलं नाही. मी तुमच्याकडे माफी मागायला उभी नाही. माफी मागितली की तुम्ही द्याल, तुमचा स्वभावच तसा आहे, आणि मी ती आज घेऊ शकत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरात एकच माणूस वाचतो, त्या वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. औषधाची चिठ्ठी असो, कोर्टाचा कागद असो. समोरचा हसला, चिडला, "माईत हाय" म्हणाला, तरी सगळं वाचा. काय ऐकायचं आणि काय सोडायचं ते त्याला ठरवू द्या. मी चाचांना ठरवू दिलं नाही. कदाचित त्या चौकटीलाही ते हसले असते. कदाचित हसत हसत नट परत दोन आटे चढवला असता. मला ते आता कधीच कळणार नाही.

आता आपण सगळे उभे राहू आणि चाचांसाठी दोन मिनिटं गप्प राहू. ती दोन मिनिटं फक्त त्यांची. त्यानंतर ज्यांना जे विचारायचं असेल, बोलायचं असेल, शिव्या द्यायच्या असतील, त्यांनी माझ्याकडे यावं. मी इथेच उभी असेन.

बाबांना आजपासून कोणी काही विचारू नका.

उठा.