निर्धास्त राहा

(मठाचं स्वयंपाकघर, संध्याकाळ. थोरली सिस्टर रांधणारी. धाकटी सिस्टर दार आणि फोन सांभाळणारी. नळ दुरुस्त करायला बसलेला प्लंबर नुकताच वायसर आणायला बाहेर आपल्या गाडीपाशी गेला आहे.)

थोरली : अगं, पण त्याला बोलावलं कुणी? मी तर नाही.

धाकटी : कुणीच नाही. आभार मानायला आलाय. नळ गळताना दिसला, तर म्हणाला, मला नुसतं बसवत नाही.

थोरली : देव भलं करो त्याचं. त्या टिपटिपीनं माझं डोकं उठलं होतं. आभार कसले पण?

धाकटी : प्रार्थनेचे.

थोरली : मग तू सुतकी चेहरा करून का उभी आहेस? लोक गाऱ्हाणी घेऊन येतात, हा आभार घेऊन आला.

धाकटी : त्याची बायको गेली, सिस्टर. गेल्या महिन्यात. हॉस्पिटलातून फोन केला होता त्यानं. म्हणाला, आज काही खरं दिसत नाही, संध्याकाळी तिचं नाव घ्या.

थोरली : अरेरे.

धाकटी : आणि मी घेतलं नाही.

थोरली : असं कसं? अच्छा. आपण ते नावं घेणं बंद केल्यानंतरची गोष्ट होय ही?

धाकटी : हो. ज्या सिस्टरनं फोन घेतला, तिनं संध्याकाळी चॅपेलमध्ये ते नाव मोठ्यानं घ्यायचं, हा आपला आधीचा नेम. मीच मोडला. "आज फोनवर आलेल्या सगळ्यांसाठी" असं एका वाक्यात उरकलं, की मोकळ्या.

थोरली : तू एकटीनं नाही मोडलास. सगळ्यांसमोर तोंड वर करून मीच म्हणाले ना, की देवाला काय नावं ठाऊक नसतात? नावं संपेपर्यंत टेकून दुखणारे गुडघे बोलत होते माझे.

धाकटी : तुमचे गुडघे तरी खरे होते. मला ऐकणंच नको झालं होतं. एकाला भाडेकरू निघून जावा म्हणून प्रार्थना हवी, एकीला मांजर सापडावं म्हणून. मधेच एखादं रडणारं माणूस. मी सगळ्यांना एकाच सुरात सांगायची, "करू हं प्रार्थना, निर्धास्त राहा." फोन ठेवला की नाव गेलं. मघाशी तो दारात उभा राहिला आणि मला त्याच्या बायकोचं नाव आठवेना.

थोरली : त्याला काय म्हणालीस?

धाकटी : या म्हणाले. आणि आत आणून नळ दाखवला.

थोरली : बरं केलंस.

धाकटी : काय बरं केलं? न केलेल्या प्रार्थनेबद्दल फुकटात नळ दुरुस्त करून घेतोय आपण! त्याला सांगायला हवं मला.

थोरली : डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पापनिवेदन करायचंय तर फादर आले की त्यांच्याकडे कर. इथे सांगून तुझं ओझं उतरेल, ते त्याच्या डोक्यावर जाऊन बसेल. बायको गेली बिचाऱ्याची. तुझी प्रार्थना तेवढी उरलीय त्याच्याजवळ, तीही काढून घेणार?

धाकटी : मग खोटं बोलू?

थोरली : बोलूच नकोस. गप्प बसण्यात तर आपली हयात गेली.

धाकटी : ते मौन वेगळं, सिस्टर. हे वेगळं.

थोरली : श्श. आला बघ.

प्लंबर : सापडला. डब्याच्या पार तळाशी होता. मेन कॉक बंदच आहे ना?

थोरली : बंद आहे. चहा टाकू?

प्लंबर : हे होऊ द्या आधी. हा नळ कुणी एवढा आवळलाय? पार आटे घालवलेत.

थोरली : मीच. गळायचा थांबेना, मग रोज आणखी जोर लावायची.

प्लंबर : वायसर गेल्यावर जोर लावून काय होतंय? ही चिंधी धरा जरा. सिस्टर, तो फोन तुम्हीच घेतला होतात ना? दारात तुमचा आवाज ऐकला आणि वाटलं, ह्याच त्या.

धाकटी : हो. मीच.

प्लंबर : बरं झालं भेटलात. मला एक विचारायचं होतं. हसू नका. तिचं नाव घेऊन तुम्ही काय म्हणालात? म्हणजे शब्द काय होते?

थोरली : अहो, सगळ्यांसाठी म्हणतो तेच. प्रभू, दया कर. तो पाना देऊ का?

प्लंबर : आहे माझ्याकडे. तसं नव्हे, सिस्टर. त्याला कारण आहे. मी हे कुणाला बोललो नाही, मुलीलाही नाही. त्या दिवशी तिला घरघर लागली. मला बघवेना. तिनं हात धरला होता माझा. तो सोडवला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

थोरली : होतं असं. माणसाचा धीर सुटतो.

प्लंबर : जिन्यात बसून मनाशी म्हटलं, आता सिस्टर लोकांची प्रार्थनेची वेळ झाली. त्यांनी निर्धास्त राहा म्हणून सांगितलंय. एवढ्या सगळ्या जणी तिचं नाव घेतायत, म्हणजे ती काही एकटी नाही. मी नसलो तरी चालेल. परत गेलो तर सगळं संपलं होतं. जवळ नर्ससुद्धा नव्हती. तेव्हापासून रात्री डोळा लागतो तो तेवढ्या एका गोष्टीवर.

थोरली : पोरी, तू जा बघू, पाहुण्यांचे कप घेऊन ये.

धाकटी : आम्ही नाव घेतलं नव्हतं.

थोरली : अगं...

धाकटी : मी घेतलं नव्हतं. तुमचं फोनवरचं बोलणं मी ऐकलं, आणि संध्याकाळी तिचं नाव घेतलं नाही.

प्लंबर : विसरलात?

धाकटी : विसरले असते तर परवडलं असतं. कुणाचंच घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. वेळ जातो म्हणून. सगळ्यांसाठी म्हणून एकदम काहीतरी म्हटलं आणि जेवायला बसलो.

प्लंबर : जेवायला.

धाकटी : हो.

प्लंबर : म्हणजे ती एकटीच होती.

थोरली : देव होता हो तिच्याजवळ.

प्लंबर : देवाचं देव बघेल, बाई. मी माणसांचं विचारतोय.

थोरली : माणूस... नव्हतं हो कुणी.

प्लंबर : मेन कॉक चालू करा.

थोरली : केला.

प्लंबर : नाही गळत आता. येतो मी.

धाकटी : असे जाऊ नका. ओरडा माझ्यावर.

प्लंबर : ओरडून काय करू? तुमच्यावर ओरडायचं तर आधी स्वतःवर ओरडावं लागेल. हात सोडवून मी गेलो होतो, तुम्ही नाही. पण सांगायची काय गरज होती हो तुम्हाला? मला काय कळणार होतं?

धाकटी : काहीच नाही. सिस्टरही मला तेच म्हणत होत्या, आणि मी गप्पच बसणार होते. पण तुम्ही जिन्यातलं सांगितलंत. त्यावर गप्प बसले असते, तर पुन्हा एकदा तुम्हाला तिथं एकटं टाकून जेवायला गेले असते.

थोरली : बसा हो. उभ्या उभ्या नका जाऊ. ही खुर्ची घ्या.

धाकटी : त्या दिवशी फोनवर तुम्ही आणखी काहीतरी सांगत होतात. मी मधेच तोडलं. काय सांगणार होतात?

प्लंबर : आता त्याचा काय उपयोग?

धाकटी : उपयोग मला माहीत नाही. मला ऐकायचंय.

प्लंबर : हेच, की ती देवधर्म करणारी बाई नव्हती. देवाशी भांडायची. तेव्हा तिच्या बाजूनं जरा सांभाळून बोला, असं सांगणार होतो.

थोरली : भांडकुदळ होती?

प्लंबर : विचारू नका. घरात मी तिला सरकार म्हणायचो. हुकूम सुटला की सुटला. चार पाहुण्यांसमोर म्हणायची, हे साऱ्या गावाचे नळ नीट करतात आणि आमच्या मोरीत बघा, नळाखाली बादली.

थोरली : अगदी खरं बोलायची की!

प्लंबर : खरंच होतं. तो नळ मी ती गेल्यावर दुरुस्त केला. दहा मिनिटांचं काम होतं.

थोरली : प्रार्थनेची घंटा झाली गं.

धाकटी : तुम्ही व्हा पुढे, सिस्टर.

थोरली : मी कुठे जाऊ? नेम मोडताना पुढे होते ना मी? आता इथेच थांबते.

धाकटी : चॅपेलमध्ये आज मी तिचं नाव घेणार आहे. त्या दिवशी का घेतलं नाही, तेही सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण आधी इथे, तुमच्यासमोर घेते. चालेल? मला फक्त नाव पुन्हा सांगावं लागेल तुम्हाला.

प्लंबर : आठवतही नाही?

धाकटी : नाही आठवत. लाज वाटते मला सांगायला.

प्लंबर : खरं नाव आत चॅपेलमध्ये घ्यायला सांगतो मग. इथं सरकारच म्हणा. त्या नावाला ओ द्यायची ती.

धाकटी : प्रभू, सरकार तुझ्याकडे आल्या आहेत. त्यांना निरोप द्यायला कुणी नव्हतं. हे जिन्यात होते आणि आम्ही ताटावर होतो. आमचं ऐकू नकोस, पण त्यांचं ऐक. त्या भांडल्या तरी...

प्लंबर : सिस्टर.

धाकटी : चुकलं का माझं काही?

प्लंबर : नाही. जरा मोठ्यानं म्हणा. तिला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं.