उंट उजव्या हाताला

इथे आखातात सलवा भागात राहणारे सबनीस माहीत आहेत ना तुम्हाला? बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि सह्याद्रीतले सगळे किल्ले पालथे घातलेत, असं भेटेल त्याला ऐकवतात. तर जानेवारीतल्या एका शुक्रवारी ते आम्हा नवराबायकोला वाळवंटात फिरायला घेऊन गेले. सोबत सबनीसवहिनी. छान ऊन पडलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या साहेबांचं फर्मान निघालं, "फोन गाडीतच ठेवा. निसर्गात आलोय आपण!"

"मग परत कसं यायचं?" मी विचारलं.

"अहो, सोपं आहे. तो समोर उंटांचा कळप दिसतोय ना? तो कायम उजव्या हाताला ठेवायचा. देवळाला घालतो तशी प्रदक्षिणा घातली की थेट गाडीपाशी."

निघालो. वाटभर दिशा कशा ओळखाव्यात यावर व्याख्यान सुरू. चकल्या संपल्या, पाणी संपलं, व्याख्यान संपेना. उंट अगदी सांगितल्यासारखे उजव्या हाताला होते. गाडीचा मात्र पत्ता नव्हता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आमच्या हिचा चेहरा रडवेला झाला.

तेवढ्यात कळपाचा अरब मालक जीप घेऊन आला. खाली उतरून म्हणाला, "सदीक, दोस्त, सुबह से मेरे ऊंट के साथ साथ किधर जाता है?"

सबनीस तरीही ताठ. आम्हाला म्हणाले, "याला काय कळतंय! आपण उंटांभोवती फिरतोय."

वहिनी तरातरा जीपमध्ये जाऊन बसल्या आणि तिथून ओरडल्या, "अहो, प्रदक्षिणाच घालायची होती, तर एका जागी बसणारा देव तरी बघायचात!"