सहा पंख आणि बासष्ट नंबर

शनिवारच्या खेळात ब्रेना जगली, तर टॅम्सिनची आठ वर्षांची मेहनत वाचणार होती. ब्रेना ही गोष्ट रंगवत खेळायच्या त्या खेळातली तिची योद्धी. तिला मारायला खेळ रचणाऱ्या वेन्डेलने आकाशपुरुष नावाचा नवा शत्रू घडवला होता, आणि डेटनच्या लायसन्स कचेरीत बसून तो टॅम्सिनला त्याचंच कौतुक सांगत होता. मागच्या बाकावर बासष्ट नंबरचं तिकीट धरून बसलेल्या मर्टलबाईंचे कान तिकडेच लागले होते.

"चाकात चाक, टॅम. चाकाच्या धावेवर सगळीकडे डोळे. आणि पंख सहा."

"बाई गं. झोपतो कधी?"

"झोपतच नाही. ब्रेनाची शवपेटी मागवून ठेव."

"मनानेच रचलास ना?"

"छे. देवदूतांच्या जुन्या वर्णनाबरहुकूम. काडीचा बदल केला असेल तर नावाचा वेन्डेल नाही."

"उडायला दोन पंख पुरतात. बाकीचे चार कशाला?"

"शोभेला."

"शोभेला कसले, बाळा?" चर्चमध्ये चाळीस वर्षं गायलेल्या मर्टलबाईंना राहवेना. "दोन पाय झाकायला, दोन तोंड झाकायला. देवाचं तेज त्यांनाही बघवत नाही."

"म्हणजे तेज समोर आलं की हा तोंड झाकणार?"

"टॅम, नाही हं."

"ब्रेनाकडे सूर्याच्या देवळातला दिवा आहे, वेन्डेल. तूच दिलायस."

"आजी, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"तू थांब रे. दिवा केवढा आहे गं?"

ब्रेना वाचल्यात जमा होती. वेन्डेलचा तीन महिन्यांचा आकाशपुरुष बाकावरच आंधळा झाला. आणि खिडकीवर त्रेसष्ट नंबर पुकारला गेला, तेव्हा कुठे मर्टलबाईंनी हातातलं तिकीट पाहिलं. त्यांना नवं मिळालं, एकशे चार नंबरचं.