कुलपातल्या जाळ्या

“सुनेलेच बसवा पाहुण्याईसमोर. नवी आहे, दिसते बरी, अन् तोंडातून शब्द काढत नाई.” — हेच ते वाक्य, ताई. कुठून सुरू झालं म्हणून विचारलं ना तुम्ही? इथून. तुमच्या संस्थेचे पवनसर अंगणात उभे राहून प्रफुलले सांगत होते, माझ्या नवऱ्याले, अन् मी कुडाच्या भिंतीमागं चहा गाळून राह्यली होती. कुडातून सगळं ऐकू येते हो! सर पंधरा वर्षं गावात काम करतात म्हणे, एवढंही नाई समजलं त्याईले. — बसा ना, खाटेवर बसा. तो कागद ठेवा बाजूले. सही करते का नाई, ते मग पाहू. नागपूरहून एवढ्या दूर आल्या तुम्ही, ते काय नुसतं पेन उघडायले?

तुम्ही मोह वेचला कधी? नाई ना. मीही नव्हता वेचला. माझं माहेर राजुऱ्याचं, कोळशाच्या धुळीत वाढलेली मी. इथी आली तेव्हा कळलं. मार्च-एप्रिलात पहाटे फूल गळते, टपटप टपटप, अन् खाली गुडघाभर वाळला पाला. त्याच्यात फूल दिसत नाई, म्हणून लोक आधी पाला जाळतात. कधी वारा सुटला की आग जंगलात जाते. त्यासाठी त्या जाळ्या — झाडाखाली बांधायच्या, फूल वरच्या वर जाळीत, ना काडी लावायची ना धूर. चांगली गोष्ट आहे, मी वाईट काऊन म्हणू? त्या देशानं दिल्या. देशाचं नाव मले अजून धड घेता येत नाई, बर्फ पडते म्हणे तिथी, मोहाचं एक झाड नाई — पण जाळी मऊ, हिरवीगार, हात लावावासा वाटे. फेब्रुवारीत ट्रक आला. माझी हळद अजून पुरती गेली नव्हती. आख्ख्या गावानं हातोहात गठ्ठे उतरवले अन् जुन्या शाळेच्या खोलीत नेऊन ठेवले. अन् पवनसरांनी कुलूप लावून चाबी प्रफुलजवळ दिली.

काऊन म्हणजे? उद्घाटन व्हायचं होतं ना! देणाऱ्या देशाच्या पाहुण्याईच्या हातानं पहिली जाळी द्यायची, फोटो निघायचा, मग बाकीच्या सोडायच्या — तोवर सील. पाहुणे मार्चमध्ये येणार होते. मग तिकडं त्याईची काही बैठक निघाली. मग म्हणे ऊन फार आहे, गोऱ्या लोकाईले सोसत नाई. मग पावसानं रस्ता गेला. आले कधी? पोळा झाल्यावर आठ दिवसांनी! मोह काय कोणाच्या तारखेसाठी थांबते? गळायचं तेव्हा गळून गेलं ते.

माझी सासू, रुखमाबाई — तिची पाच झाडं आहेत. झाडं सरकारची, पण कोणतं झाड कोणाच्या घरचं, हे गावात आजेसासूपासून ठरलेलं. दुसरा कोणी त्याच्याखालचं फूल उचलत नाई. तिनं प्रफुलले म्हटलं, “बाबू, एकच जाळी काढून दे. पाहुणे आले की धुऊन, घडी करून ठेवतो.” तर हा म्हणते, “आई, नोकरी जाईन माझी. संस्थेनं गावमित्र म्हणून पगारावर ठेवलं आहे मले, मीच सील तोडू?” अन् अहेरीले मीटिंगले निघून गेला. आगीपासून जंगल कसं वाचवायचं, त्याची मीटिंग. हसू नका — हसा, मलेही हसू आलं होतं तेव्हा. दुसऱ्या दिवशी सासूनं नेहमीसारखी पाल्याले काडी लावली. वारा फिरला. लुगड्यानं पेट घेतला. उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत. महिनाभर दवाखान्यात होती. बोटं एकमेकाले चिकटली. सगळ्यात आधी रानात जाणारी बाई, आता अंगणात बसल्या बसल्या सरकते. मले म्हणते, “पोरी, पाचही झाडं दाखवून ठेवतो तुले,” अन् मग पायाकडं पाहते, कारण दाखवायले चालावं लागते.

अन् पाहुणे यायच्या दिवशी काय केलं, माहीत आहे? सकाळी जाळ्या बांधल्या. मग सरांच्या ध्यानात आलं, जाळीत फूल पायजे. भादव्यात मोहाचं फूल! तर आमच्याच घरचा वाळवलेला मोह, सासूनं पायाची पट्टी सुटल्यावर बसून बसून निवडलेला, तो मागितला. जाळीवर पसरायले कोणाले लावलं? मलेच. मी पसरला. वरून झिमझिम. तासाभरात ते फूल फुगलं, काळं, चिकट, माश्या बसल्या, आंबट दारूसारखा वास — अजून जेवताना नाकात येते तो, घास फिरतो तोंडात. अन् पाहुण्याईतल्या मोठ्या बाईनं त्यातलंच एक उचललं, डोळे मिटून हुंगलं, अन् दुभाषी पोरीनं आमाले सांगतलं, “मॅडम म्हणतात, किती ताजं!” आमच्या गावचं शेंबडं पोरगंही सांगेल, ताजं फूल पिवळट-पांढरं असते. आमी नुसत्या माना हलवल्या. सर टाळ्या वाजवत होते. शिसारी आली मले — त्या बाईची नाई, तिले काय माहीत, आमचीच आली.

मग सरांचं भाषण — जाळ्या मार्चपासूनच झाडाखाली आहेत म्हणे! यंदा या गावात एकही आग लागली नाई, दोन देशाईच्या मैत्रीनं हे झालं, म्हणून पुढचा टप्पाही मंजूर होणार. सासूले मागच्या घरात ठेवलं होतं, बाहेरून कडी घालून, पाय दिसू नये म्हणून. कडी कोणी घातली? प्रफुलनं. आपल्या आईवर. मग मले पुढं बोलावलं, जाळी हातात द्यायले, अन् बाईनं विचारलं, यंदा तुमाले याचा काय फायदा झाला? सर डोळ्यानं सांगत होते, नुसती मान हलव. माझा हात आपसूक कमरेकडं गेला, पदराच्या गाठीवर — काऊन म्हणजे? चाबी तिथंच राहायची ना! मीटिंगले जाताना प्रफुल माझ्याजवळच... नाई, ते असू द्या.

आता निघालंच तोंडातून. सासूनं त्या सकाळी मले विचारलं होतं, “चाबी कुठी आहे गं?” अन् मी म्हटलं, “त्याईनं नेली.” दोन महिन्याची सून मी, नवऱ्याची नोकरी राखत होती. गाठ कमरेले टोचत होती, अन् ती काड्याची पेटी घेऊन गेली. हे प्रफुलले माहीत नाई. तिलेही नाई. तुमच्या कागदात हे आहे का? नाई ना. तुमच्या कागदात आहे — ‘मी घाबरून, गैरसमजातून बोलले.’ नोकरीचं काय होते, ते मले समजते ताई. प्रफुल पाच दिवस झाले माझ्याशी बोलत नाई. पण घाबरून मी गप राह्यली होती, ते मार्चमध्ये. भादव्यात नाई. उचला कागद, तुमची गाडी खोळंबली आहे. लिहायचंच असेल तर त्या बाईले मी काय म्हटलं, तेवढंच लिहा, जसंच्या तसं. मी म्हटलं, “ही जाळी मले नका देऊ, बाई. माझी सासू मागच्या घरात आहे, तिच्या हातात द्या. पण चालत तुमालेच जावं लागेल. यंदाच्या आगीत तिचा पाय जळला.”